रीडिंग जुळवण्याची सवय चौथ्या वर्षी तरी मोडू द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. म्हणजे त्यांच्या पहिल्या तुकड्या अनुक्रमे २०२६-२७ आणि २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते, आणि पुढे एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशाचे दार उघडते. हे एक वर्ष जास्तीचे घालवून मुलांच्या हाती काय पडणार, असे पालक विचारतात, प्राध्यापकही विचारतात. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, प्राणिशास्त्र अशा जैववैद्यकीय विषयांपुरते आमचे म्हणणे इथे मांडतो.

बीएस्सी झालेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रॅक्टिकलचे उत्तर आधीच ठरलेले असते. जर्नल सर्टिफाय करून घ्यायचे असते, बॅच वेळेत सुटायची असते, आणि आलेला आकडा अपेक्षित आकड्यापासून लांब असला की शेजारच्या टेबलावरचे रीडिंग बघून आपले जुळवले जाते. मुलांना यात लबाडी वाटत नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर मागितलेले असते, निरीक्षण कुणी मागितलेलेच नसते. संशोधनात उत्तर गाईडलाही माहीत नसते. तिथे जुळवलेल्या आकड्यावर पुढचा प्रयोग बेततात, त्यावर त्याच्या पुढचा, आणि सहा महिन्यांनी काहीच का जमत नाही हे कुणाला कळत नाही. तीन वर्षे अंगवळणी पडलेली ही सवय मोडणे, हीच या वर्षाची खरी कमाई आहे. बाकीची कौशल्ये तिच्यामागून येतात.

ऑस्ट्रेलियात ऑनर्सचे वर्ष जुने आहे. मेलबर्न, मोनॅश, सिडनी, क्वीन्सलँड या विद्यापीठांत तीन वर्षांची पदवी झाल्यावर विद्यार्थी स्वतःहून हे वर्ष घेतो. फेब्रुवारीच्या सुमाराला सुरुवात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेवट. मधला बहुतेक वेळ एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्रश्नावर, वर्ग थोडेच. आधी वाचनाचा आढावा, मग विभागासमोर भाषण, शेवटी प्रबंध. प्रथम श्रेणी मिळवणाऱ्याला तिथेही एमएस्सीविना पीएचडी आणि शिष्यवृत्तीची वाट मोकळी होते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षाच्या ४० क्रेडिटपैकी १२ संशोधन प्रकल्पाला आहेत. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक क्रेडिट या हिशेबाने ते ३६० तास होतात, म्हणजे पूर्णवेळ काम धरले तर जेमतेम नऊ आठवडे. एवढ्या वेळात ‘कर्करोगावर औषध’ शोधता येत नाही. लहान प्रश्न मात्र नीट विचारता येतो. प्रश्न लहान करता येणे हेच पहिले कौशल्य आहे, आणि ते शिकवायला सगळ्यात अवघड.

एक उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रात याच धर्तीचे प्रकल्प भरपूर होतात. अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क काढायचा, तो हेला किंवा एमसीएफ-७ या कर्करोगाच्या पेशींवर घालायचा, एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून पाहणारी) करायची आणि ‘अर्क कर्करोगविरोधी आहे’ असे लिहायचे. चाचणी दिसायला सोपी. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये साधारण ५,००० पेशी १०० मायक्रोलिटर मीडियात (पेशी वाढवण्याच्या द्रवात) लावायच्या, रात्रभर चिकटू द्यायच्या, अर्क घालून २४ किंवा ४८ तास ठेवायच्या. मग मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात केलेल्या एमटीटीच्या द्रावणाचे १० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर तीन-चार तास थांबायचे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे स्फटिक करतात. मीडिया अलगद काढायचा, १०० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात स्फटिक विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचे. जांभळा रंग कमी, तर जिवंत पेशी कमी.

आता यात काय काय बिघडते ते पाहा. बऱ्याच पानांच्या अर्कात पॉलिफेनॉल असतात, आणि ते पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात. अशा वेळी अर्काने पेशी मारल्या असल्या तरी रीडिंग त्या जिवंत असल्याचे सांगते. अर्क स्वतःच गडद हिरवा किंवा तपकिरी असेल तर त्याचाही रंग रीडिंगमध्ये मिसळतो. म्हणून पेशी न लावलेल्या वेलमध्ये मीडिया आणि अर्क घालून, तितकाच वेळ ठेवून, त्याचे रीडिंग घ्यावेच लागते. अर्क डीएमएसओत केलेला असेल तर नुसते डीएमएसओ तितक्याच प्रमाणात घातलेले वेल हवेत. काहीच न घातलेले वेल हवेत. नुसत्या मीडियाचा ब्लँक हवा. आणि पेशी नक्की मारणारे एखादे माहितीतले औषध हवे, म्हणजे त्या दिवशी चाचणी चालत होती की नाही ते कळते. त्यासाठी सिस्प्लॅटिन वापरणारे पुष्कळ जण तेही सवयीने डीएमएसओत विरघळवतात, आणि तिथेच त्याची धार जाते. ते सलाइनमध्ये करायचे असते. शिवाय प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमधला मीडिया जास्त उडतो, तिथली रीडिंग वेगळीच येतात. म्हणून कडेला नुसते बफर भरायचे आणि आतले ६० वेलच कामाला घ्यायचे. ६० वेलमध्ये हे सगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे वेल, बसवले की अर्काच्या किती मात्रा तपासता येतील, हे विद्यार्थ्याने कागदावर प्लेटचा नकाशा काढून आदल्या दिवशी ठरवायचे असते. या नकाशावरून आम्हाला विद्यार्थी कळतो. ज्याने कंट्रोल आधी बसवले आणि उरलेल्या जागेत अर्क बसवला, त्याला संशोधन कळू लागले आहे.

हेच पुढे निष्कर्षाला लागू होते. एमटीटीचा आकडा कमी आला म्हणजे पेशी मेल्याच असे नाही, त्यांची वाढ किंवा चयापचय नुसते मंदावलेले असू शकते. आणि बाटलीतल्या पेशी तर ब्लीचनेही मरतात. निरोगी पेशींवर तोच अर्क त्याच मात्रेत घातल्याशिवाय तो कर्करोगाच्या पेशींनाच निवडून मारतो असे म्हणता येत नाही. वनस्पती तीच आहे याचा पुरावाही हवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. तिथे नमुना ओळखून घेऊन त्याचा क्रमांक प्रबंधात द्यावा. नाहीतर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ‘तीच’ पाने म्हणून दुसरीच आणतो.

पेशींबद्दलही हीच खबरदारी. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या गाठीतून तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की जगभरच्या अनेक प्रयोगशाळांत इतर पेशींत मिसळून त्यांना गिळून बसल्या, आणि लोक वर्षानुवर्षे भलत्याच पेशींवर काम करत राहिले. त्यामुळे शेजारच्या कॉलेजमधून फ्लास्क मागून आणणे थांबवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार संशोधनासाठी पेशी पुरवते. तिथून आणलेल्या पेशींचा पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटून लावल्या तो) पहिल्या दिवसापासून लिहीत जा. आणि लॅक्स यांची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगा. रुग्णाच्या संमतीचा कागद कशासाठी असतो, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

हाताच्या कामाकडे वळतो. पदवीला ७५ टक्के मिळवलेल्या विद्यार्थ्याचा पिपेटवरचा हात बसलेला असेलच असे नाही. त्याची तपासणी फुकट होते. चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर छोटे भांडे ठेवायचे, डिस्टिल्ड पाण्याचे १०० मायक्रोलिटर दहा वेळा घालायचे, दर वेळी वजन लिहायचे. एका वेळचे वजन ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवे. दहाही आकडे एकमेकांजवळ असून सगळेच कमी असतील तर पिपेटला कॅलिब्रेशन हवे. आकडे इकडेतिकडे पसरले असतील तर बहुधा हात चुकतो आहे: टिप सैल बसली, द्रावण ओढताना अंगठा झटक्यात सोडला, पिपेट आडवी धरली, किंवा पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढले. पिपेटच्या चुका आणि हाताच्या चुका अशा वेगळ्या काढता आल्या की विद्यार्थ्याला एक मोठी गोष्ट मिळते. चूक कुठून आली हे शोधता येते, हा भरवसा.

मग गणित. हे शाळेतले त्रैराशिक आहे आणि तरीही सर्वांत जास्त प्रयोग इथेच बुडतात. १० मिलिमोलर स्टॉकपासून (मूळ दाट द्रावणापासून) ५० मायक्रोमोलरचे १० मिलिलिटर करायचे, तर स्टॉक ५० मायक्रोलिटर लागतो. मिलि आणि मायक्रो यांची गल्लत झाली की मात्रा थेट हजारपट चुकते. स्टॉक डीएमएसओत असेल तर त्या १० मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोलिटर डीएमएसओ गेले, म्हणजे ०.५ टक्के, कंट्रोलच्या वेलमध्येही नेमके तितकेच जायला हवे. पेशी मोजतानाही तसेच. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) समप्रमाणात मिसळून हिमोसायटोमीटर या पेशी मोजण्याच्या काचेच्या चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत मिळून १८० जिवंत पेशी दिसल्या, तर सरासरी ४५, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला ९ लाख. वेलला ५,००० पेशींच्या प्लेटसाठी मिलिलिटरला ५०,००० हव्या. १० मिलिलिटर लागणार असतील तर एकूण ५ लाख पेशी, म्हणजे मूळ द्रावणाचे सुमारे ०.५६ मिलिलिटर. हे गणित वहीत पूर्ण मांडलेले असले पाहिजे. नुसते उत्तर लिहिले की चूक झाल्यावर ती सापडत नाही.

यापुढची चूक मोठ्यामोठ्यांकडून होते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. एका प्लेटमध्ये एकाच मात्रेचे तीन वेल लावले, तीन रीडिंग आली, आणि प्रबंधात ‘तीन वेळा प्रयोग केला’ असे लिहिले गेले. तो प्रयोग एकदाच झाला. एकाच फ्लास्कमधल्या पेशी, एकाच दिवसाचा मीडिया, एकाच सकाळचा स्टॉक. त्या तीन वेलवरून विद्यार्थ्याचा हात किती स्थिर आहे एवढेच कळते. प्रयोग तीनदा करणे म्हणजे वेगवेगळ्या दिवशी, पेशींच्या वेगवेगळ्या पॅसेजवर, स्टॉक नव्याने करून तीनदा लावणे. मग तीन वेलची सरासरी हा एका दिवसाचा एक आकडा, आणि असे तीन आकडे. हे न पाळता नऊ वेल म्हणजे नऊ प्रयोग धरले की संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर बिनतक्रार ‘फरक लक्षणीय’ असे सांगते. त्यावर कुणी एसडीऐवजी (प्रमाण विचलनाऐवजी) एसईएमचे (सरासरीच्या प्रमाण त्रुटीचे) दांडे लावले तर नऊच्या वर्गमुळाने भागून ते एक तृतीयांश होतात आणि आलेख देखणा दिसतो. हे मुद्दाम होते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. तसेच वीस अर्क तपासले आणि प्रत्येकाला ०.०५ ची (नुसत्या योगायोगाने वीसात एकदा चुकणारी) कसोटी लावली, तर एकाही अर्कात दम नसला तरी सरासरीने एक ‘लक्षणीय’ निघतोच. त्या एकावरच प्रबंध लिहून उरलेले एकोणीस गाळले जातात, तेव्हा वाचणाऱ्याची फसवणूक होते.

बिघाड ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. सकाळी इन्क्युबेटर उघडावा तर काल गुलाबी असलेला मीडिया पिवळा झालेला. फ्लास्क उजेडासमोर धरायचा. पिवळा आणि गढूळ असेल तर जिवाणू शिरले. फ्लास्क उघडायचा नाही, थेट ऑटोक्लेव्हला, आणि त्या दिवशी त्याच मीडियाच्या बाटलीवर ज्यांनी ज्यांनी काम केले त्या सगळ्यांना सांगायचे. पिवळा पण स्वच्छ असेल तर पेशी गर्दी करून बसल्या आहेत, पॅसेज करायला उशीर झाला. जांभळटपणाकडे झुकला असेल तर कार्बन डायऑक्साइड संपला आहे का ते सिलिंडरवर पाहायचे, तो पाच टक्के राहायला हवा. आणि काहीच दिसत नसेल, पण पेशी हळू वाढत असतील, तर मायकोप्लाझ्माची शंका घ्यायची. तो इतका लहान आणि लवचिक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटतो, मीडिया गढूळ करत नाही आणि साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. त्याच्यासाठी पीसीआर करावा लागतो. पेशीला भिंत नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर काही उपयोग होत नाही. मीडियात अँटिबायोटिक घालून निर्धास्त राहणाऱ्या प्रयोगशाळांत तो महिनोन्‌महिने मुक्काम करतो.

इथे एक गुण लागतो ज्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. कंटॅमिनेशन आपल्या हातून झाले, सेंट्रिफ्यूजचा तोल चुकला, फ्रीझरचे दार उघडे राहिले, हे त्याच दिवशी सांगणे. वीज जाऊन उणे ८० चा फ्रीझर बंद पडला आणि रात्री ज्याने ते पाहिले त्याने तेव्हाच फोन केला, तर नमुने दुसरीकडे हलवून वाचवता येतात. सकाळी ओरडा बसेल या भीतीने तो गप्प राहिला, तर आणखी चार जणांचे वर्ष जाते. विद्यार्थ्याने खरे सांगावे असे वाटत असेल तर गाईडने पहिल्या चुकीला आवाज चढवता कामा नये. हे आम्ही आमच्याच पेशाला उद्देशून लिहितो आहोत.

आता नोंदवही. बांधीव वही, पानांवर क्रमांक, शाईचे पेन, रोज तारीख. खोडायचे तर एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे. पान फाडायचे नाही. रसायनाचा लॉट क्रमांक, पेशींचा पॅसेज, इन्क्युबेटरचे तापमान, प्लेट किती वाजता लावली आणि किती वाजता काढली, ठरलेल्या पद्धतीपासून काय वेगळे झाले, सगळे काम करतानाच लिहायचे. घरी जाऊन ‘फेअर’ करायचे नाही. वेगळे झालेले लिहिणे का महत्त्वाचे, याला ऑस्ट्रेलियातलाच दाखला आहे. पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल पोटातल्या वळणदार जिवाणूची वाढ करू पाहत होते. प्लेट दोन दिवसांनी काही न दिसल्यास टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट तशाच जास्त दिवस राहिल्या आणि जिवाणू वाढलेला दिसला. त्याला वेळच जास्त लागत होता. अल्सरचे हे कारण सापडल्याबद्दल दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. प्लेट किती दिवस ठेवली हा आकडा वहीत नसता तर त्या वाढीचा अर्थ लावता आला नसता.

‘आमच्याकडे पेशींचे कल्चर नाही, मग संशोधन कसले’, असे तालुक्याच्या कॉलेजांतून ऐकू येते. आमचे उत्तर असे की पेशींचे कल्चर नसलेलेच बरे, जर जैवसुरक्षा कॅबिनेट नसेल तर. अनेक ठिकाणी आडव्या झोताचा लॅमिनार (गाळलेल्या हवेचे कपाट) असतो. तो प्लेटचे रक्षण करतो, पण हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. मानवी पेशी किंवा रुग्णाचे नमुने त्यात हाताळूच नयेत. हेला पेशींत तर एचपीव्ही-१८ या विषाणूचा अंश असतो.

त्याऐवजी प्रतिजैविकांच्या प्रतिकाराचा एखादा लहान प्रश्न घ्या. डिस्क डिफ्यूजन (जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून तिच्याभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ मोजणे) कुठल्याही मायक्रोबायोलॉजी विभागात होते आणि नेमकेपणा शिकवायला त्याच्याइतके स्वस्त साधन नाही. म्यूलर-हिंटन अगारची (प्लेटमधल्या जिवाणू वाढवण्याच्या थराची) जाडी ४ मिलिमीटर. जाड ओतला तर औषध खोलवर पसरून वर्तुळ लहान येते, पातळ ओतला तर मोठे. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफारलँड गढूळतेचे, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी. ते केल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर पसरायचे. दाट झाले तर वर्तुळ आक्रसते आणि मरणारा जिवाणू ‘प्रतिरोधी’ ठरतो. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. प्रत्येक खेपेला सोबत एटीसीसी २५९२२ हा ई. कोलायचा प्रमाण वाण लावायचा. त्याचे वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आले तरच त्या दिवसाची बाकीची रीडिंग धरायची, नाहीतर सगळी बाद. आणि मोजणाऱ्याला प्लेट कुठल्या नमुन्याची हे कळू द्यायचे नाही. प्लेटच्या मागे नुसता सांकेतिक क्रमांक. सगळी रीडिंग बाद करावी लागल्याचा एक दिवस विद्यार्थ्याला जे शिकवतो ते व्याख्यानात शिकवता येत नाही.

ज्यांच्याकडे एवढेही नाही त्यांना जनुकांच्या अभिव्यक्तीची खुली माहिती ‘जीईओ’ या अमेरिकी संग्रहातून विनामूल्य उतरवून घेता येते. संगणक, इंटरनेट आणि ‘आर’ ही मोफत संगणकभाषा पुरते. अट तीच: प्रश्न आधी लिहायचा, मग माहिती उघडायची.

वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजायचे. मार्च लेखनाला, फेब्रुवारी अखेर प्रयोग बंद. मधे दिवाळी आणि सत्र परीक्षा. तीन कोटेशने, मंजुरी आणि रसायन हातात पडणे यात सहा-आठ आठवडे सहज जातात, म्हणून ऑर्डर जुलैतच गेली पाहिजे. कंट्रोलसह एक पूर्ण चाचणी गणपतीपर्यंत झाली नसेल तर प्रश्न आणखी लहान करावा. रुग्णांचे रक्त, लाळ, प्रश्नावली काहीही घ्यायचे असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. ती नंतर मागता येत नाही. एका वर्षात हे बसवायचे तर गाईडने आधीच मंजूर असलेल्या कामाचा एखादा भाग विद्यार्थ्याला द्यावा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत काय जाते हे पहिल्याच आठवड्यात शिकवावे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. त्या इतरत्र गेल्या तर सफाई कर्मचाऱ्याच्या हाताला लागतात.

लेखनाबद्दल एवढेच की पद्धतीचा भाग प्रयोग चालू असतानाच लिहावा आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला नुसता तो वाचून प्रयोग करायला लावावा. तो जिथे अडेल तिथे लेखन अपुरे आहे. भाषणही विभागातल्या शिपायापासून प्रमुखापर्यंत सगळ्यांना कळेल अशा मराठीत एकदा तरी करून घ्यावे. इंग्रजी शब्दांच्या आड लपलेले अज्ञान मराठीत सांगताना लगेच उघडे पडते.

आता विद्यापीठांकडे मागणी. पैसे घेऊन महिना-दीड महिन्यात प्रकल्प ‘करून देणाऱ्या’ खासगी प्रयोगशाळांच्या जाहिराती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. तयार आलेख, तयार ब्लॅक बुक (बांधून सादर करायचा प्रबंध). मूल्यमापन नुसत्या ब्लॅक बुकावर राहिले तर हा बाजार वाढणार, आणि प्रामाणिकपणे काम करून ‘काही निघाले नाही’ असे लिहिणाऱ्या मुलीला कमी गुण मिळणार. म्हणून व्हायवाला नोंदवही टेबलावर असावी आणि तिला प्रबंधाइतकेच गुण असावेत. परीक्षकाने प्रबंधातला कुठलाही एक आलेख निवडावा. विद्यार्थ्याने दहा मिनिटांत त्या आलेखातल्या एका बिंदूचे मूळ पान काढून दाखवावे: तारीख, प्लेटचा नकाशा, कच्ची रीडिंग, गणित, आणि त्या दिवशीचे कंट्रोल. सापडले नाही तर त्या आलेखाचे गुण नाहीत. निष्कर्ष नकारात्मक आहे म्हणून एकही गुण कापू नये. कंट्रोल नाही म्हणून जरूर कापावेत. एका गाईडकडे तीन-चारपेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत, कारण त्याहून जास्त वह्या दर आठवड्याला वाचून सही करणे कुणालाही जमत नाही. आणि प्रकल्पाच्या रसायनांसाठी दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम जुलैच्या आधी विभागाच्या खात्यात यावी. ती मार्चमध्ये आली तर त्या तुकडीला तिचा उपयोग नाही.

आपले,
जैववैद्यकीय विषयांत अध्यापन व संशोधन करणारे काही प्राध्यापक